दम तयार आहे, नडगी नाही

ताई,

मी साताऱ्यात राहते. वय 41, शाळेत शिकवते. घरी मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. तीन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं म्हणून चालायला लागले आणि तिथून धावण्याची गोडी लागली. चार वाजता उठून डबे करते आणि मग बाहेर पडते. यंदा सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2 तास 38 मिनिटांत पूर्ण केली. आमच्या ग्रुपमधले सात-आठ जण जानेवारीत मुंबईला फुल, म्हणजे 42 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, धावणार आहेत, म्हणून मीही नाव घातलं. हिलनंतर एक आठवडा विश्रांती घेतली आणि लगेच सराव वाढवला. तेव्हा आठवड्याला 28 किलोमीटर व्हायचे, सहा आठवड्यांत ते 55 वर आणलेत. मागच्या रविवारी 26 धावले. रोजचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, सात मिनिटांच्या आसपास ठेवते. त्याहून हळू गेलं की ग्रुप पुढे निघून जातो, आणि अ‍ॅपवर सगळ्यांना दिसतंही.

तीन आठवडे झाले, उजवी नडगी आतल्या बाजूने दुखतेय. आधी दोनेक किलोमीटर धावलं की दुखणं जायचं. आता जात नाही. शाळेचा जिना चढतानाही कळ येते. रविवारी निघण्याआधी वेदनाशामक गोळी घेते, म्हणजे निभावतं. डॉक्टरकडे गेलेले नाही, कारण ते धावणं बंद करा म्हणतील. ग्रुपमधले म्हणतात, सगळ्यांनाच होतं, बर्फ लाव. घरी सांगितलेलं नाही. सासूबाई पहिल्यापासून म्हणतात, या वयात हे कशाला. त्यांना आयतंच कोलीत मिळेल. पैसे भरलेत, सगळ्यांना सांगून झालंय. आता माघार घेतली तर पुन्हा कधी जमेल असं वाटत नाही. फुल धावू की नको, ते स्पष्ट सांगा.

ता. क. जुलैपासून साडेपाच किलो वजन उतरलंय. रात्री फक्त सूप आणि काकडी-गाजर खाते. दोन महिने पाळी आलेली नाही, वयामुळे असेल.

*

मैत्रिणी,

स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून आधी उत्तर. या जानेवारीत फुल धावू नका. आणि हे वाचून झालं की हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. त्यांनी पाय तपासेपर्यंत एक किलोमीटरही धावायचं नाही. हळूहळूही नाही आणि ग्रुपबरोबर चौकापर्यंतही नाही.

चार वाजता उठून, घरातल्या चौघांचं आवरून मग स्वतःसाठी एक तास काढणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तो तास काढून घ्या असं कुणाला लिहिणं सोपं नसतं. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी उत्तर हेच आलं.

नडगीचं दुखणं साधारण दोन प्रकारचं असतं आणि सुरुवातीला दोन्ही सारखीच वाटतात. एकाला धावणारी मंडळी शिन स्प्लिंट म्हणतात. घोट्याच्या वर, नडगीच्या आतल्या कडेला, हाडावरचं आवरण आणि त्याला धरून असलेले स्नायू ताणाने ठणकायला लागतात. हे दुखणं पसरलेलं असतं. बोटाने दाबत गेलं तर चार बोटं, कधी वीतभर लांबीत दुखतं. अंग गरम झालं की कमी होतं आणि संध्याकाळी परत डोकं वर काढतं. दुसरा प्रकार म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. तिथे दुखणं एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत गोळा झालेलं असतं. नेमकं तिथे दाबलं की पाय आपोआप मागे ओढला जातो. धावलं की ते वाढतच जातं. मग चालताना दुखतं, मग जिन्यावर, आणि शेवटी रात्री अंथरुणात पडल्या पडल्याही.

'आधी जायचं, आता जात नाही' आणि 'शाळेचा जिना' ही तुमची दोन वाक्यं मला सतावतायत. पहिल्या प्रकाराचं दुखणं दुसऱ्याकडे सरकायला लागलं की माणूस हेच सांगतो. पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करायचं. पण आज रात्री पलंगावर बसून अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वर गुडघ्याकडे इंच-इंच दाबत जा. कुठे दुखतं, किती लांबीत दुखतं ते पेनने पायावरच खूण करून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. एका पायावर उड्या मारून बघायची एक चाचणी ग्रुपमध्ये कुणीतरी सांगेल. ती घरी अजिबात करू नका. चीर असलीच तर त्या उड्यांनी वाढेल.

एक्स-रे स्वच्छ आला तरी हुरळून जाऊ नका. हे मी अनुभवाने सांगते. 44 वर्षांची असताना पुण्यातल्या डिसेंबरच्या एका शर्यतीआधी माझी डावी नडगी अशीच धरली होती. एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही, आणि मला सुटल्यासारखं झालं. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शर्यतीच्या दिवशी गोळी घेऊन उभी राहिले. तेराव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी थांबले, ग्लास घेतला, दोन घोट प्यायले आणि पुढचं पाऊल टाकायला गेले तर पाय जमिनीला टेकवेना. टेबलामागे अठरा-एकोणीस वर्षांची एक स्वयंसेवक मुलगी होती, तिने स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून मला दिली. त्या खुर्चीत बसून मी ओळखीचे लोक समोरून जाताना बघत होते, आणि कागदी ग्लास मुठीत चेपून गेला होता. पुढे सहा आठवडे कुबडी आणि एकूण चार महिने धावणं बंद. वेळेवर थांबले असते तर कदाचित महिन्या-दीड महिन्यात परत रस्त्यावर आले असते.

त्या गोळीबद्दलही बोलते, कारण तुम्ही ती फार सहज लिहिली आहे. गोळीने दुखणं बरं होत नाही, फक्त त्याचा निरोप आपल्यापर्यंत पोचत नाही. हाडावर भार तेवढाच पडतो, आणि निरोप येत नसल्यामुळे आपण थांबतही नाही. शिवाय घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. लांब धावायच्या आधी त्या घ्यायच्याच नसतात, पाय ठणठणीत असला तरी. बर्फाने दोन तास बरं वाटेल, त्याला माझी हरकत नाही. पण ग्रुपमधल्यांनी ते औषध म्हणून सांगितलंय, आणि ते औषध नाही. ही माणसं तुमच्या वाईटावर नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं खरोखर बर्फ लावून गेलं असेल. तुमचं त्यातलंच आहे हे त्यांना कळायला मार्ग नाही.

आता हे झालं कसं ते बघू. तुम्ही मेहनतीत कुठेही कमी पडलेल्या नाहीत, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

सराव वाढवला की हृदय, फुप्फुसं, रक्त ही मंडळी काही आठवड्यांत जुळवून घेतात. ज्या चढावर पूर्वी धाप लागायची तिथे गप्पा मारत जाता येतं आणि आपल्याला वाटतं, झालो तयार. दम आधी येतो, हाड मागून येतं. हाडावर भार वाढला की शरीर आधी तिथलं जुनं हाड कोरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना आधी भुसभुशीत झालेलं सगळं उतरवून घेतात ना, तसं. उतरवायचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पण नवं भरून घट्ट व्हायला तीन-चार महिने जातात. म्हणजे सराव वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षाही नाजूक असू शकतं. तुमचा हिशेब मांडून बघा. सहा आठवड्यांपूर्वी वाढवलंत, तीन आठवड्यांपूर्वी दुखायला लागलं.

त्याच्या आधी घाटही होता. सातारा हिलला सगळे यवतेश्वरच्या चढाला घाबरतात. चढात दम जातो हे खरं, पण पायांना मार बसतो तो परतीच्या उतारावर. उतारावर प्रत्येक पाऊल वरून आदळतं आणि मांडीचे स्नायू लांब होता होता ब्रेक लावत असतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्या यामुळेच. त्या घाटातून उतरल्यावर निदान तीन आठवडे नुसतं चालणं आणि थोडं हलकं धावणं पुरे होतं. तुम्ही एक आठवडा थांबून आकडे दुप्पट केलेत. पुढच्या वर्षी घाट उतराल तेव्हा पावलं छोटी आणि झटपट टाका. लांब ढांगा टाकल्या की टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि तो झटका थेट नडगीत जातो.

मग पेस. हिलचे 2:38 म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं. तो घाट वगळला तर सपाट रस्त्यावर तुम्ही 2:25 ते 2:30 मध्ये हाफ धावाल असं धरू. म्हणजे तुमचा शर्यतीचा पेस सातच्या आसपास. आणि रोजचा पेसही सातच! थोडक्यात, आठवड्यातून जितक्या वेळा बूट घालता तितक्या वेळा तुम्ही शर्यत धावता. रोजचं धावणं तुम्ही आठ ते साडेआठने करायला हवं. घड्याळाकडे बघायचीही गरज नाही. तुम्ही शिक्षिका आहात, धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. न अडखळता शेवटापर्यंत गेलात तर पेस बरोबर आहे. 'तेरा चोक बावन्न'ला श्वास तुटला तर हळू व्हा. बीडच्या मांडव्याचे अविनाश साबळे 2020 मध्ये दिल्लीत हाफ 1 तास 30 सेकंदांत धावले, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटांहूनही कमी. त्या दर्जाचे धावपटूसुद्धा आठवड्यातले बहुतेक किलोमीटर शर्यतीच्या पेसपेक्षा कितीतरी हळू काढतात. हळू धावण्यातच हृदय बळकट होतं, स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि हाडाला त्याचं काम करायला उसंत मिळते. ग्रुप पुढे जातो तर जाऊ द्या. अ‍ॅपवर नोंदी फक्त स्वतःपुरत्या ठेवायची सोय असते, आजच ती चालू करा. तुमच्या नडगीवर त्या अ‍ॅपचाही भार पडलाय असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंत नडगी झाली. पण तिसऱ्यांदा पत्र वाचताना माझं बोट ता. क.वर थांबलं. तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या तीन ओळी मला सगळ्या पत्रात महत्त्वाच्या वाटतात.

पाळी वयामुळे थांबली असेल म्हणता. असेलही. एक्केचाळिशीत ती मागेपुढे होऊ शकते. थायरॉइडमुळे होऊ शकते. दिवस गेलेत का, तेही आधी तपासायला हवं. पण तुमच्या बाबतीत आणखी एक कारण समोर दिसतंय. धावताना किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. तुमचं वजन 57-58 धरलं तर 55 किलोमीटरला आठवड्याला तीन हजारांच्या वर कॅलरी लागतात, दिवसाला साडेचारशे. म्हणजे जवळपास एक जेवण. दिवसाचा खर्च एका जेवणाने वाढला आणि त्याच महिन्यांत तुम्ही रात्रीचं जेवण काढून टाकलं. उरलेल्यात घर, शाळा, पहाटेचे डबे आणि सव्वीस किलोमीटर भागवायचे म्हटल्यावर शरीर काटकसर करायला लागतं. आज जगायला ज्याची गरज नाही ते आधी आवरतं घेतं, आणि पाळी त्या यादीत अगदी वर असते. ती थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली गेलेलं असतं. बाईच्या हाडांची राखण करण्यात इस्ट्रोजेनचा वाटा मोठा. म्हणजे वरून भार दुप्पट आणि आतून राखण करणारं कमी, अशा कात्रीत तुमची नडगी सापडली असू शकते.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. सोप्या शब्दांत, खेळणाऱ्या शरीरातली ऊर्जेची तूट. ती फक्त पदकं मिळवणाऱ्या मुलींना होते असा एक गैरसमज आहे. वजन उतरवण्याच्या आनंदात धावणं वाढवत आणि ताट कमी करत गेलेल्या चाळिशीतल्या बायका मी धावण्याच्या मैदानावर पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या सगळ्यांना सुरुवातीला लोकांनी शाबासकीच दिलेली असते. किती बारीक झालीस!

म्हणून हाडांच्या डॉक्टरांबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही भेटा, आणि दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा. नडगीवाल्यांना पाळीचं सांगायचं आणि पाळीवाल्यांना किलोमीटरचं. आपण बायका इथेच चुकतो, एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं राहून जातं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, बी-12 आणि थायरॉइड एवढ्या तपासण्या करायच्या का ते विचारा. फेरिटिन मी मुद्दाम सांगते. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही अंगातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि मग कितीही सराव केला तरी पाय जडच राहतात.

आणि रात्री जेवा. भाकरी, पिठलं किंवा उसळ, भात-आमटी, वर वाटीभर दही, जे घरात सगळ्यांना वाढता ते स्वतःलाही वाढून घ्या. धावून आल्यावर तासाभरात पोटात काहीतरी जायला हवं. दूध-केळ, दोन अंडी, शेंगदाणे घातलेले पोहे, मुगाचं धिरडं, काहीही चालेल. तीळ, नाचणी, हरभरे हे आपल्या स्वयंपाकघरात असतंच, त्यासाठी डबाबंद पावडरी विकत आणायची गरज नाही. सूप आणि काकडी-गाजर जेवणाबरोबर हवं तेवढं खा.

आता घर. सासूबाईंना कोलीत मिळेल म्हणून तुम्ही दुखणं लपवताय. माझा अंदाज आहे, डॉक्टरकडे न जाण्याचं खरं कारणही हेच. मला वाटतं, आज रात्रीच मिस्टरांना आणि सासूबाईंना समोर बसवून सांगा. 'माझा पाय दुखतोय, उद्या डॉक्टरांना दाखवणार आहे, काही आठवडे धावणार नाही, आणि बरी झाले की पुन्हा धावणार आहे.' एवढंच, एका दमात. शेवटचा भाग गाळू नका. सासूबाई काहीतरी म्हणतील. म्हणू दे. त्यांच्या पिढीत बाईने स्वतःसाठी घराबाहेर पळायला जाणं ही गोष्टच नव्हती, त्यांना ते चटकन पचणार नाही. पण 'या वयात कशाला' हे त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि त्याला तुमचा पाय साक्षीदार करू नका. तुमचं दुखणं वयाचं नाही. ते घाईचं आहे आणि उपाशी राहण्याचं आहे. दोन्ही दुरुस्त होतात. मी माझी पहिली फुल 47 व्या वर्षी धावले, कुबडी ठेवल्यानंतर तीन वर्षांनी. तुमच्या हातात अजून सहा वर्षं आहेत. 'पुन्हा कधी जमेल असं वाटत नाही' या वाक्याला माझ्याकडे हेच उत्तर आहे.

पुढे काय, ते डॉक्टर काय सांगतात त्यावर ठरेल. चीर निघाली तर सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, त्यांच्या सांगण्याप्रमाणे. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. नुसता शिन स्प्लिंट निघाला तर दोन-तीन आठवडे धावणं बंद. दुखत नसेल तर त्या काळात सायकल चालवा, पोहायला येत असेल तर पोहा, म्हणजे दम टिकून राहतो. रोज जिन्याच्या पायरीवर पंजे टेकवून टाचा सावकाश वर न्या आणि त्याहून सावकाश खाली आणा, पंधरा-पंधराचे तीन फेरे. एक दिवस गुडघा सरळ ठेवून, एक दिवस किंचित वाकवून. वाकवून करता तेव्हा पोटरीच्या आतला जो स्नायू काम करतो, तोच धावताना नडगीवरचा झटका झेलतो. फार कंटाळवाणा प्रकार आहे, आणि मी तो दहाएक वर्षं करतेय. कळ आली तर मात्र थांबायचं.

धावणं पुन्हा सुरू करायची माझी एक अट असते. आठवडाभर रोज पाऊण तास झपझप चालून कुठेही दुखलं नाही तरच. मग एक दिवसाआड एक मिनिट धावा, चार मिनिटं चाला, असं अर्धा तास. पुढच्या आठवड्यात दोन आणि तीन. मधे नडगीने चूं केलं तर एक पायरी मागे. हे करताना तुम्हाला लाज वाटेल. तीन महिन्यांपूर्वी घाट चढलेली बाई मिनिटभर धावून चालायला लागते, आणि समोरून ग्रुप येत असतो. तेव्हा हात करा आणि चालत राहा.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारला अकरा आठवडे उरलेत. त्यातले निदान तीन-चार बरं होण्यात जातील, शेवटचे दोन-तीन सराव कमी करण्याचे असतात. मधे जे उरतं त्यात फुल बसत नाही. ओढूनताणून बसवलीच तर तीस किलोमीटरनंतर पायात काही उरणार नाही. स्नायूंमधली साखर साधारण तिथेच संपत आलेली असते आणि पुढचे बारा किलोमीटर नुसत्या सवयीवर काढायचे असतात. ती सवय वर्षभरात लागते. त्यात तुम्ही सराव करता साताऱ्याच्या कोरड्या थंडीत आणि धावणार मुंबईच्या दमट हवेत, जिथे घाम वाळत नाही आणि त्याच पेसला हृदय जास्त धडधडतं. पेडर रोडचा चढ फुलवाल्यांना परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर ओलांडल्यावर लागतो. तिथे दुखऱ्या नडगीने पोचावं असं मला माझ्या शत्रूबद्दलही वाटत नाही.

फुलला उभं राहण्याआधी निदान चार-पाच महिने आठवड्याला 40-45 किलोमीटर, न दुखता, जेवून-खाऊन आणि पाळी नियमित ठेवून झालेले असावेत, असं माझं मत आहे. अर्थात पाळी वयामुळेच जात असेल तर त्याचं डॉक्टर सांगतील. म्हणजे तुमचं गणित असं: येत्या जूनपर्यंत 30 वर या, आठवड्यात चारच दिवस धावा, दर चौथ्या आठवड्यात कमी करा. सप्टेंबरला घाट आनंदाने करा. पुढच्या जानेवारीत मुंबईला हाफ आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत फुल.

हाफवर उतरणं तुम्हाला खाली येणं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या मोहीच्या ललिता बाबर आठवा. मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा पहिल्या आल्या. मग 42 किलोमीटर बाजूला ठेवून त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, वळल्या आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या. पी. टी. उषांनंतर 32 वर्षांनी भारताची कुणी बाई ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावत होती. त्यांनी माघार घेतली असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

भरलेल्या पैशांचं दुःख होणारच. ते गेले असं समजा. एका एमआरआयला त्याहून जास्त लागतात.

पण मुंबईचं तिकीट रद्द करू नका. ग्रुपबरोबर जा. त्या रविवारी सकाळी त्यांना सुरुवातीला सोडून पेडर रोडला जाऊन चढाच्या वरच्या टोकाला उभ्या राहा. तिथले रहिवासी दरवर्षी खाली उतरून धावणाऱ्यांना काही ना काही देत असतात, त्यांच्यात मिसळून जा. बरोबर संत्र्याच्या सोललेल्या फोडी, चिमूटभर मिठाच्या पुड्या आणि चिक्कीचे छोटे तुकडे घ्या. तुमच्या सात-आठ जणांतला जो पहिला येईल त्याचा चेहरा बघा, आणि शेवटचा येईल त्याचाही. त्या चढावर माणसाचं काय होतं ते धावण्याआधी एकदा बाजूला उभं राहून बघणं फार उपयोगाचं असतं. फोडी आदल्या रात्री सोलून डब्यात भरून ठेवा, सकाळी वेळ मिळणार नाही.

आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. नडगीचंही, पाळीचंही.